बीएएफनंतर मुंबईत एम.कॉम. करावं, सीए पुढे रेटावं की सीएफएकडे वळावं?

बाकी वाचणाऱ्यांसाठी तुझा प्रश्न थोडक्यात सांगते. डोंबिवलीला राहतेस, बीएएफचं (बी.कॉम. अकाउंटिंग अँड फायनान्स) शेवटचं वर्ष चालू आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. सीए इंटरचा, म्हणजे मधल्या टप्प्याच्या परीक्षेचा, पहिला ग्रुप सुटलाय, दुसरा अडकलाय. घरचे म्हणतात 'निदान एम.कॉम. तरी करून ठेव', मैत्रिणी सीएफएच्या (गुंतवणूक विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परीक्षा) क्लासची चौकशी करतायत आणि तुझं काही ठरत नाहीये.

वयाने बरीच लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. उत्तर आधीच सांगून टाकते: दुसरा ग्रुप काढ. एम.कॉम. जोडीने कर, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. सीएफए आत्ता नको.

मी एका उत्पादन कंपनीच्या अकाउंट्स खात्यात आहे, मुंबई विद्यापीठाची एम.कॉम. आहे, आणि फ्रेशर्सच्या मुलाखती असल्या की टेबलाच्या पलीकडे मलाच बसवतात. त्यामुळे पुढचं सगळं नोकरी देणाऱ्याच्या बाजूने आहे. तुला प्राध्यापक व्हायचं असेल तर हिशोब थोडा बदलतो, त्याबद्दलही लिहिते.

मुंबईत 'मी फायनान्सला आहे' असं सांगणारी माणसं प्रत्यक्षात तीन वेगळी कामं करत असतात. पहिलं काम आमचं, म्हणजे अकाउंट्सचं. जे व्यवहार होऊन गेले ते नीट लिहायचे, महिन्याचं क्लोजिंग करायचं, सात तारखेला टीडीएस (कापून घेतलेला आयकर) भरायचा, वीस तारखेला जीएसटीचं ३बी विवरणपत्र, आणि मधल्या दिवसांत व्हेंडरच्या बिलांवरच्या जीएसटीची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट, पोर्टलवरच्या २बीशी जुळवत बसायचं. सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट असतं, तेव्हा घरी जेवायला कधी येणार असं कोणी विचारू नये. दुसरं काम मालाड, पवई, ऐरोलीच्या काचेच्या इमारतींमध्ये चालतं: परदेशी फंडांचे हिशोब, रोजची एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची किंमत) काढणं, ट्रेड जुळवणं, केवायसी तपासणं. बीएएफ झालेली मुलं सगळ्यात जास्त तिथेच लागतात. पगार वेळेवर होतो, सुरुवातीला ठीकही असतो, पण प्रक्रियेचा एवढासा तुकडा तुमच्या वाट्याला येतो आणि तीन वर्षांनी बाहेरच्या मुलाखतीत 'पूर्ण ताळेबंद कधी बनवलाय का?' असं विचारलं की पंचाईत होते. तिसरं काम खऱ्या अर्थाने फायनान्सचं: कंपनीचं मूल्य काढणं, कर्ज द्यावं की नाही ते ठरवणं, गुंतवणूक कुठे करावी ते सांगणं. ते नरिमन पॉइंट आणि बीकेसीच्या आसपास सापडतं, जागा कमी आणि रांग मोठी.

तुझ्या प्रश्नात तिन्हींची सरमिसळ झाली आहे. म्हणून कोर्स कुठला हे ठरवायच्या आधी यातलं कुठलं टेबल हवंय ते ठरव.

आता सीएबद्दल. घरच्यांना बहुधा जुने नियम माहीत असतील. आधी इंटरचा एक ग्रुप सुटला तरी आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची सक्तीची उमेदवारी, सुरू करता यायची. १ जुलै २०२३ पासून नवी योजना आली, त्यात दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय आर्टिकलशिप नाही. पण तीन वर्षांची आर्टिकलशिप आता दोन वर्षांवर आली आहे, आणि इंटरची परीक्षा वर्षातून तीनदा होते: जानेवारी, मे, सप्टेंबर. तू ज्या जागी अडकली आहेस तिथून पुढची वाट पूर्वीपेक्षा छोटी आहे, अडथळा फक्त या एका ग्रुपचा आहे. प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपची सरासरी ५० टक्के एवढंच लागतं, आणि एखाद्या पेपरला ६० पडून एक्झेम्प्शन (तो पेपर पुन्हा देण्यातून सूट) मिळालं असेल तर उरले दोनच पेपर.

शिवाय दुसऱ्या ग्रुपमध्ये आहे काय? कॉस्टिंग, ऑडिट आणि एफएम-एसएम (फायनान्शियल आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट). म्हणजे जो ग्रुप तुला जड जातोय, फायनान्सचा मूळ गाभा त्यातच बसलाय. एफएम नको वाटतं म्हणून सीएफएकडे पळायचं, हे काही मला पटत नाही. तिथे पहिल्याच पातळीला १८० प्रश्न असतात, त्यात संख्याशास्त्र आहे, बाँडचं गणित आहे, डेरिव्हेटिव्ह्ज आहेत. फी डॉलरमध्ये, त्यामुळे नापास होणं महागात पडतं. आणि तिन्ही पातळ्या पार केल्या तरी चार्टर, म्हणजे सीएफएचं अंतिम प्रमाणपत्र, हातात पडायला ४,००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो. नोकरी करणाऱ्या, वार्षिक अहवाल आवडीने वाचणाऱ्या माणसाला ती परीक्षा छान आहे. मैत्रिणी निघाल्यात म्हणून आपणही निघायचं, एवढ्याने भागत नाही.

एम.कॉम.ला लोक उगाच नावं ठेवतात आणि उगाच डोक्यावरही घेतात. नुसत्या एम.कॉम.वर खाजगी कंपनीत बी.कॉम.पेक्षा फारसा जास्त पगार मिळत नाही, हे मी रोज बघते. बँकांच्या आणि सरकारी बहुतेक परीक्षांना साधी पदवी पुरते. मग एम.कॉम. लागतं कुठे? शिकवायला. नेट किंवा सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांना बसायचं तर पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी हवी, राखीव प्रवर्गांना ५० टक्के. पण इथेही एक मेख आहे, जी घरी जरूर सांग: २०२१ साली यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) आणि सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) या पात्रता पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीच्या मानल्या. म्हणजे सीए पूर्ण झालं तर नेटचं दारही त्याच किल्लीने उघडतं.

मग मी एम.कॉम. जोडीने कर असं का म्हणते? सीएचा काही नेम नसतो म्हणून. हे कोणी तोंडावर बोलत नाही, पण हुशार मुलंसुद्धा फायनलला चार-पाच वर्षं लटकलेली मी पाहिली आहेत, आणि त्या काळात हातात बी.कॉम.शिवाय कागद नसला की लग्नाच्या बैठकीपासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत सगळीकडे तेच स्पष्टीकरण देत बसावं लागतं. मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण केंद्र, जुन्या माणसांच्या तोंडी अजून आयडॉलच, कलिन्याला आहे. तिथून एम.कॉम. अकाउंटन्सी करता येतं, रोज वर्गात बसावं लागत नाही.

नियमित कॉलेजातून करणार असशील तर नव्या शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रम बदललाय. पहिल्या सेमिस्टरला संशोधन पद्धती, दुसऱ्याला ऑन-जॉब ट्रेनिंग, पुढे संशोधन प्रकल्प, आणि पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय. तू तीन वर्षांची पदवी घेऊन थांबत असशील तर एम.कॉम. दोन वर्षांचं, चौथं ऑनर्सचं वर्ष केलंस तर एकच वर्षाचं. ऑन-जॉब ट्रेनिंग बरेच जण ओळखीच्या काकांच्या ऑफिसातून सर्टिफिकेट आणून उरकतात. तसं करू नकोस. एखाद्या सीएच्या ऑफिसात खरोखर व्हाउचिंग (नोंदी बिलांशी पडताळणं) करत बस, मुलाखतीत त्यावरच दहा मिनिटं बोलता येतं.

पदव्युत्तर पातळीला नेमकं काय वाढतं, ते एका उदाहरणाने दाखवते, कारण 'ॲडव्हान्स्ड' म्हणजे नुसती मोठी गणितं असा समज असतो. समज, एका कंपनीने ठाण्याला शोरूमसाठी गाळा तीन वर्षांच्या कराराने घेतला. भाडं वर्षाला १२ लाख, वर्षअखेरीस द्यायचं. बी.कॉम.ला शिकलेलं काय? दरवर्षी भाडे खाते नावे १२ लाख, विषय संपला. पण ज्या कंपनीला इंड एएस ही भारतीय लेखा मानकं लागू आहेत, तिथे १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हे भाडेकरारांचं मानक आलं. आता त्या तीन भाड्यांची आजची किंमत काढायची. व्याजदर १० टक्के धरला तर ती येते २९.८४ लाख. ही रक्कम ताळेबंदात एका बाजूला वापरहक्काची मालमत्ता म्हणून आणि दुसऱ्या बाजूला देणं म्हणून दिसते, जणू गाळा कर्जावर घेतलाय. पहिल्या वर्षी त्या देण्यावर व्याज २.९८ लाख आणि मालमत्तेचा घसारा ९.९५ लाख, म्हणजे खर्च १२.९३ लाख. दुसऱ्या वर्षी १२.०३, तिसऱ्या वर्षी ११.०४. बेरीज केलीस तर तेच ३६ लाख.

खिशातून गेलेला पैसा तोच, तारखाही त्याच. पण भाड्याच्या जागी व्याज आणि घसारा आले, त्यामुळे एबिटा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) एका रात्रीत वाढला. उलट देणं ताळेबंदावर आल्यामुळे कर्जाचं प्रमाण बिघडलं. आता बँकेने कर्ज देताना 'प्रमाण अमुकच्या वर जाता कामा नये' अशी अट घातली असेल तर? गाळा तोच, भाडं तेच, आणि बँकेला पत्र लिहायची वेळ! अकाउंटिंग आणि फायनान्स एकमेकांत शिरतात ते इथे. नोंद पाठ असलेला मुलगा पहिल्या परिच्छेदापर्यंत येतो, विषय समजलेली मुलगी बँकेच्या पत्रापर्यंत पोचते. आम्ही शोधतो ती दुसरी.

मुलाखतीत मी हमखास एक प्रश्न विचारते: कंपनीला नफा झालाय, मग पगाराला बँकेत पैसे का नाहीत? उधारीवरची विक्री, गोदामात पडलेला माल, घेतलेली मशीन, फेडलेला हप्ता, असं काहीही सांगितलं तरी चालतं. चांगले गुण असलेली कितीतरी मुलं इथे गप्प होतात. परवा एकीने तिच्या बाबांच्या स्टेशनरीच्या दुकानाचं उदाहरण दिलं: जूनमध्ये शाळांना वह्या उधार, पैसे दिवाळीला, घाऊकवाला मात्र महिन्याच्या आत दारात. तिला एक्सेलमध्ये पिव्होट नीट जमत नव्हता, तरी घेतली. पिव्होट आठवड्यात येतो.

तिसऱ्या टेबलाचीच ओढ असेल, म्हणजे खरंच फायनान्स, तर मुंबईत घराजवळ चांगल्या जागा आहेत आणि त्यांना एम.कॉम. लागत नाही. चर्चगेटला जमनालाल बजाज, १९६५ पासूनची मुंबई विद्यापीठाची संस्था. तिथला एमएमएस (एमबीएसारखा व्यवस्थापनाचा कोर्स) सगळ्यांना माहीत असतो, एम.एस्सी. फायनान्स फार थोड्यांना. जवळच सिडनहॅम कॉलेजच्या आवारात सिमश्री ही व्यवस्थापन संस्था. एमएमएससाठी राज्याची सीईटी द्यावी लागते आणि कटऑफ भयंकर असतो, पण खाजगी संस्थांच्या तुलनेत फी बरीच कमी आणि कॅम्पसला कंपन्या चांगल्या येतात. शेअर बाजाराच्या बाजूचं काम आवडत असेल तर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने उभी केलेली एनआयएसएम ही शिक्षणसंस्था आहे, तिचा कॅम्पस रसायनीजवळ पाताळगंगेला. तिच्या छोट्या प्रमाणपत्र परीक्षा घरी अभ्यास करून देता येतात. रिसर्च अॅनालिस्टची परीक्षा दे, निदान हा विषय आपल्याला रुचतो की नाही ते थोडक्या पैशांत कळेल. सीएफएच्या आधी हे करून बघ.

मराठी माध्यमाचं तू जे शेवटी दबकत लिहिलंयस, त्यावर एवढंच: लेखी इंग्रजी पुरेसं असेल तर अडत नाही. आमच्या खात्यात अर्धा दिवस मराठी-हिंदीतच जातो. बोलायचं इंग्रजी सुधारायचं तर वार्षिक अहवालातलं व्यवस्थापनाचं विवेचन मोठ्याने वाच. कंपन्यांच्या साइटवर ते फुकट मिळतं, आणि विषयही पक्का होतो.

कॉलेज निवडताना नावाइतकंच अंतर बघ. डोंबिवलीहून चर्चगेटला रोज जाऊन येण्यात साडेतीन-चार तास जातात आणि गर्दीच्या फास्ट लोकलमध्ये पुस्तक उघडता येत नाही, हे तुला मी सांगायला नको. मुलुंड-ठाण्याची कॉलेजं एम.कॉम.ला उत्तम आहेत. वाचलेले दोन तास अभ्यासिकेत घाल.

वेळापत्रक मी असं लावलं असतं: एप्रिलमध्ये सहावी सेमिस्टर संपते, लगेच मेचा अटेम्प्ट अंगावर घेऊ नकोस, सप्टेंबरची तयारी कर. मधल्या काळात एम.कॉम.ला दूरस्थ प्रवेश घे. निकाल लागून ग्रुप सुटला की आयटी आणि ओरिएंटेशनचे कोर्स उरक आणि आर्टिकलशिपला लाग. शक्यतो मध्यम आकाराची फर्म बघ, जिथे ऑडिट आणि टॅक्स दोन्ही हाताखालून जातं. रुजू झालीस की एम.कॉम. चालू असल्याचं प्रिन्सिपलला (ज्या सीएकडे आर्टिकलशिप करशील त्यांना) सांगून सीए इन्स्टिट्यूटचा फॉर्म ११२ भर. दुसरा कोर्स करायची परवानगी त्यावरच मिळते, आणि हा फॉर्म भरायचा राहिला म्हणून नंतर धावपळ करणारे आर्टिकल्स दरवर्षी निघतात.