'चकाकणारे नॅनोकण' बरोबर आहे का?

प्रश्न असा आलाय की फ्लुरोसंट नॅनोपार्टिकल्सना एका लेखात "चकाकणारे नॅनोकण" म्हटलंय ते चालेल का, आणि 'क्वेंचिंग'ला, म्हणजे अशा कणांचा प्रकाश मंदावण्याला, मराठीत काय म्हणायचं.

चकाकणारे नकोच. चकाकतं ते घासलेलं तांब्याचं भांडं, म्हणजे उजेड दुसऱ्याचा आणि वस्तू तो नुसता परतवते, अंधारात नेली की संपलं. हे कण अतिनील किंवा निळा प्रकाश आधी शोषतात आणि मग स्वतःचा, वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात, नोट अतिनील दिव्याखाली धरली की तिचे नंबर कसे उजळतात तसंच काहीसं. क्वांटम डॉट्समधे, म्हणजे अर्धवाहकाच्या काही नॅनोमीटरच्या कणांमधे, तर रंग कणाच्या आकारावर ठरतो, कॅडमियम सेलेनाइडचा २ नॅनोमीटरच्या आसपासचा कण निळा आणि ६ च्या आसपासचा लाल, पदार्थ तोच!! (२०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव यांना या क्वांटम डॉट्ससाठीच मिळालं.) म्हणून साधं "प्रकाशणारे" लिहा, शास्त्रीय हवं तर "प्रतिदीप्त".

"चमकणारे" पण मला पटत नाही. वीज चमकते, पाठीत चमक भरते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, सगळीकडे क्षणभराचा अर्थ आहे. मात्र एकेकटा क्वांटम डॉट मायक्रोस्कोपखाली बघितला तर तो खरोखरच मधेच बंद पडतो, मधेच सुरू होतो, आणि त्याला आपल्याकडे "लुकलुकणं" हा इतका नेमका शब्द आहे की नवा घडवायची काही गरजच नाही.

आता क्वेंचिंग. पाण्यात तांब्याचे किंवा पाऱ्याचे आयन आहेत का हे बघायला असे कण वापरतात, आयन कणाला चिकटले की प्रकाश मंदावतो आणि किती मंदावला त्यावरून प्रमाण कळतं. काही जण "शमन" लिहितात, मी "मालवणं" लिहीन. आग विझवतात पण दिवा मालवतात, कारण तो परत लावायचा असतो. इथेही ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन) टाकून तांबं ओढून घेतलं की बऱ्याचदा कण पुन्हा उजळतो.

आणि प्रकाशाच्या माऱ्यानेच जे कायमचं मंद होतं, फोटोब्लीचिंग, ते मालवणं नव्हे. उन्हात वाळत घातलेली साडी विटते ना, तसं ते "विटणं".