दिवाळखोरीचा अर्ज मीच टाकू का? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

कर्ज डोक्यावर आहे, वकिलाला द्यायला पैसे नाहीत, मग दिवाळखोरीचा अर्ज मीच टाकला तर चालेल का, हा प्रश्न इतक्या जणांनी इतक्या तऱ्हेनं विचारलाय की शेवटी सगळे एकत्रच घेतोय. मी दिवाणी कोर्टात काम करणारा वकील आहे, तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे इथलं वाचून तडक कोर्टात जाऊ नका.

वकील न लावता अर्ज करता येतो का?

येतो. स्वतःची बाजू स्वतः मांडायला कायद्याची आडकाठी नाही. पण टाकून तर बघू, नाही जमलं तर मागे घेऊ, असं कोणी म्हणत असेल तर ते डोक्यातून काढा, एकदा दाखल झालेला अर्ज कोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. म्हणून टाकायच्या आधी एकदा तरी कोणाला तरी दाखवा.

एका सल्लागारानं सांगितलं की नव्या दिवाळखोरी कोडखाली एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) अर्ज करू, 25 हजार घेईन, सगळी क्रेडिट कार्डं माफ होतील. खरं आहे का?

तुम्ही एखाद्या कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक गॅरंटी दिली आहे का? नसेल तर 25 हजार खिशातच ठेवा. 2016 च्या कोडमधला व्यक्तींचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला गॅरंटी देणाऱ्यांना. पगारदार, दुकानदार, रिक्षावाले, शेतकरी यांना अजून इंग्रजांच्या काळातलेच कायदे आहेत, मुंबई शहराला 1909 चा आणि बाकी महाराष्ट्राला 1920 चा. मुंबईत अर्ज हायकोर्टात आणि मालमत्ता ताब्यात घेतो ऑफिशियल असायनी हा अधिकारी, बाहेर अर्ज जिल्हा न्यायालयात आणि मालमत्ता ताब्यात घेतो कोर्टानं नेमलेला रिसीव्हर.

हे लोक 'फ्रेश स्टार्ट'चं कलम दाखवतात ते पुस्तकात आहे हे खरं, वर्षाचं उत्पन्न 60,000 च्या आत, मालमत्ता 20,000 च्या आत, कर्ज 35,000 च्या आत आणि स्वतःचं घर नको अशा त्याच्या अटी आहेत, पण ते सामान्य माणसाला लागूच केलेलं नाही, आणि लागू असतं तरी चार क्रेडिट कार्डवाला त्यात बसला नसता. हे त्या सल्लागाराला माहीत नसेल तर वाईट, आणि माहीत असून पैसे मागत असेल तर काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

कर्ज कमीत कमी किती हवं?

500 रुपये. आकडा 1920 चाच आहे, छापायची चूक नाही. फक्त कर्ज फेडायला तुम्ही खरोखर असमर्थ आहात हे दाखवावं लागतं.

माझं हार्डवेअरचं दुकान बुडालं, 18 लाख देणं आहे. गावी वडिलोपार्जित दीड एकर आहे. मित्र म्हणतो आधी भावाच्या नावानं हक्कसोड कर, घर बायकोला बक्षीसपत्रानं दे, आणि मग अर्ज टाक म्हणजे कोणाच्या हाताला काही लागणार नाही. वकिलाशिवाय हे जमेल ना?

हक्कसोडपत्र वकिलाशिवाय जमेल, सब-रजिस्ट्रारकडे अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्याच्या पुढचं निस्तरायला मात्र जमेल तेवढे वकील लागतील.

या मित्रावर माझा जुना राग आहे. प्रत्येक गावात, प्रत्येक कर्जदाराच्या शेजारी तो बसलेला असतो. नीट ऐका. हस्तांतर केल्यापासून दोन वर्षांच्या आत दिवाळखोरीचा अर्ज पडला आणि तुम्ही दिवाळखोर ठरलात, तर ते हस्तांतर रिसीव्हर कोर्टाकडून रद्द करून घेऊ शकतो. खरी किंमत मोजून प्रामाणिकपणे घेणारा वाचतो, फुकटात घेणारा भाऊ आणि बक्षीस घेणारी बायको वाचत नाही. मग दोन वर्षं थांबतो, असं म्हणणारेही भेटतात. त्यांच्यासाठी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 53 आहे, धनकोंना, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांना, बुडवायच्या हेतूनं केलेला व्यवहार त्याखाली आव्हानात येतो आणि तिथे ही दोन वर्षांची मर्यादा नाही. दुसरी गंमत अशी की अर्जाच्या आधी तीन महिन्यांत मेहुण्याचे उसने तेवढे चुकते केले आणि बँकेला ठेंगा दाखवला, तर त्याला झुकतं माप दिलं म्हणून तेही पैसे परत मागितले जाऊ शकतात.

आणि अर्ज म्हणजे एक पान नव्हे. त्यात प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता, रक्कम, तुमची प्रत्येक मालमत्ता, ती कुठे आहे, किंमत काय, हे सगळं लिहून खाली सत्यप्रतिज्ञेवर सही करायची असते, शिवाय दुकानाच्या हिशोबाच्या वह्या कोर्टापुढे ठेवायच्या असतात. तिथे दीड एकर गाळलं आणि बँकेच्या वकिलानं ऑनलाइन सातबारा काढून ठेवला, त्याला किती वेळ लागतो हो, की तुम्ही लबाड ठरलात. फसवणुकीनं मालमत्ता लपवली तर एक वर्षापर्यंत कैद आहे. शेवटी जी मुक्तता मिळवायची, म्हणजे उरलेल्या कर्जातून सुटका, तीही कोर्ट अडवू शकतं. वह्या ठेवल्या नाहीत, किंवा मालमत्ता कर्जाच्या रुपयाला आठ आणेसुद्धा भरत नाही आणि त्याला तुमचा दोष नाही हे पटवता आलं नाही, ही कारणं कायद्यात लिहिलेली आहेत.

मला जास्त चीड याची येते की जे वाचवायला हा खटाटोप चालतो त्यातलं बरंच कायद्यानंच वाचवलेलं असतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 वाचा. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची अवजारं, गरजेपुरती बैलजोडी आणि बियाणं, त्याचं राहतं घर, भविष्य निर्वाह निधी, धर्मरूढीनं बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना, या कशालाच जप्ती लागत नाही आणि रिसीव्हरकडेही ते जात नाही. शेतजमीन स्वतः त्यात नाही. तुमचं दुकानही होतं आणि शेतीही आहे, तर तुम्ही या कलमापुरते शेतकरी ठरता का, तुमचं गावचं घर त्यात बसतं का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो मित्राला नाही, वकिलाला विचारायचा. हक्कसोडीचा कागद सहीला तयार असेल तर तो आज फाडा. झाला असेल तर अर्ज टाकण्याआधी वकिलाला तारखेसकट सांगा, लपवू नका.

पतसंस्थेत चुलतभावाला जामीन राहिलो. आता तो नादारी (दिवाळखोरी) घेणार म्हणतो. मी सुटलो ना?

नाही. त्याची मुक्तता झाली तरी जामीनदार सुटत नाही, कायद्यात स्पष्ट लिहिलंय. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला काढते आणि त्यात बहुतेक वेळा कर्जदाराबरोबर जामीनदारांचीही नावं असतात. 101 ची नोटीस आली की तारखेला हजर राहा आणि कर्जाचा खातेउतारा मागा, व्याज कसं लावलंय ते बघा. भरावे लागलेच तर जेवढे भराल तेवढे चुलतभावाकडून मागायचा हक्क तुम्हाला आहे, पण तो दिवाळखोर ठरला तर तुम्हीही धनकोंच्या रांगेत. याबाबत आत्ताच कोणाला तरी भेटा.

चेक बाउन्सची केस चालू आहे. दिवाळखोरीनं ती थांबेल का?

त्या भरवशावर राहू नका. चेक बाउन्सचं कलम 138 फौजदारी आहे, तिथे वेगळा बचाव लागतो.

पैसे नाहीत म्हणून जेलमध्ये टाकतात का?

नुसते नाहीत म्हणून नाही. 1980 साली बँक ऑफ कोचीनच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ऐपत असून मुद्दाम न देणारा वेगळा आणि खरंच न देऊ शकणारा वेगळा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी (पैसे द्या असा कोर्टाचा निकाल) बाईला तर अटक करताच येत नाही. पण दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीच्या अर्जात, वॉरंट निघालं असेल तर हे पान दाखवून बेलीफ परत जाणार नाही, हजर राहून ऐपत नाही हे सांगावं लागतं.

'हप्ते बंद करा, आम्ही बँकेशी बोलून निम्म्यात सेटलमेंट करून देतो' अशी एक कंपनी महिन्याला फी घेते. दिवाळखोरीपेक्षा हे बरं नाही का?

सेटलमेंट बरी, कंपनी नाही. बँकेशी तडजोड तुम्ही स्वतः पत्र लिहून मागू शकता, लोकअदालतीत बसू शकता, त्याला फी लागत नाही. हप्ते बंद केल्यावर व्याज, दंड, सिबिल सगळं तुमच्या नावावर चढतं आणि त्यांची फी तेवढी वेळेवर जाते. तडजोड झालीच तर बँकेच्या लेटरहेडवर रक्कम आणि तारीख घेतल्याशिवाय एक रुपया भरू नका. वसुलीवाल्यांचे सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन येत असतील तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, हेल्पलाइन 14448.

भाऊ न्यू जर्सीत असतो, तो म्हणतो चॅप्टर 7 भर, चार महिन्यांत मोकळा.

ते अमेरिकेचं. भावाला लागलं तर त्यानं भरावं, तेही तिथल्या वकिलाला विचारून.

बँकेच्या दाव्याचं समन्स तीन महिन्यांपूर्वी घेतलं. तसंही दिवाळखोरीच घ्यायचीय, मग हजर का व्हायचं?

कारण अर्ज टाकल्यानं आपोआप काही थांबत नाही. दिवाळखोर ठरवल्याचा आदेश झाल्यावर संरक्षण लागू होतं, त्याच्या आधी कोर्टाकडे मागावं लागतं, आणि तारण दिलेलं घर असेल तर तारणवाली बँक तेव्हाही थांबत नाही. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला समन्स मिळाल्यापासून 30 दिवस असतात, ते तुम्ही घालवलेत. आता एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करून मागायलाही 30 दिवसच आहेत. उद्या सकाळी जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसला जा, समन्स आणि आधार घेऊन. महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर वकील फुकट मिळतो, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अटही नाही. फोन 15100. वकिलाला पैसे नाहीत म्हणून एकट्यानं लढणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी तिथे पाऊलच टाकलेलं नसतं.

नादार ठरलो तर ग्रामपंचायतीला उभं राहता येईल का?

मुक्तता मिळेपर्यंत नाही. आणि मुक्ततेसाठी कोर्टानं दिलेल्या मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो, तो विसरलात तर दिवाळखोरीचा आदेशच रद्द होतो आणि कर्ज होतं तिथेच राहतं.