पायलट व्हायचंय, पण रस्ता कुठला घ्यायचा? आधी पैसे भरायचे की आधी मेडिकल?

मी कोल्हापुरात करिअर समुपदेशन करते. मुलांपेक्षा आईवडिलांची झोप जास्त उडालेली असते असा एक प्रश्न अलीकडे वरचेवर येतोय, तो म्हणजे पायलटचं ट्रेनिंग कुठून करायचं. एका कुटुंबाचा अनुभव त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

गडहिंग्लजकडचं कुटुंब, मुलगी बारावी सायन्स पास, फिजिक्स-मॅथ्स चांगले. वडील सहकारी बँकेत, अडीच एकर ऊस. ते आले तेव्हा घरात तीन पार्ट्या पडल्या होत्या. मुलीला अमेरिकेला जायचं होतं, मामा म्हणत होते एअरलाइनचा कॅडेट प्रोग्राम, म्हणजे विमान कंपनीच्याच योजनेतून ट्रेनिंग, घ्या म्हणजे नोकरी पक्की, आणि वडिलांना वाटत होतं इथेच कुठेतरी बसवावं. त्यात एका एजंटनं सांगितलेलं की या आठवड्यात ५ लाख भरून सीट बुक करा, नंतर फी वाढणार आहे. वडील म्हणाले, "मॅडम, सातबारावर बोजा चढवायचा म्हणतोय, तुम्ही फक्त कुठला कोर्स ते सांगा."

मी म्हटलं, थांबा, तिचं मेडिकल झालंय का? नव्हतं झालं. चष्मा होता, नंबर अडीच, आणि चष्मा असला की पायलट होता येत नाही असं गावात कुणीतरी सांगितलेलं म्हणून पोरगी ते कुणापुढे काढतच नव्हती, हे मला तिच्याशी एकटीशी बोलल्यावर कळलं. एअर फोर्सच्या फ्लाइंग ब्रँचचे नजरेचे नियम कडक आहेत, तिथे तिचं जमणार नव्हतं. पण सिव्हिल पायलटला चष्म्यानं नजर ठरलेल्या पातळीला येत असेल तर चालतं, रंग नीट ओळखता आले पाहिजेत ही मोठी अट. हे ऐकून तिचा चेहरा इतका मोकळा झाला की काय सांगू.

तर आम्ही क्रम ठरवला. आधी कमी पैशाची कामं, मग मोठा पैसा. पहिलं क्लास टू मेडिकल, म्हणजे सुरुवातीची तपासणी, ते डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पॅनेलवरचे डॉक्टर करतात, मग क्लास वन, ज्याच्याशिवाय कमर्शियल लायसन्स मिळतच नाही आणि जे पहिल्यांदा ठरलेल्या केंद्रांवरच करावं लागतं, जसं बंगळुरूचं एअर फोर्सचं एरोस्पेस मेडिसिन इन्स्टिट्यूट. तिथे तिला टेम्पररी अनफिट आलं, हिमोग्लोबिन कमी. घरी रडारड, मामांचा फोन, "संपलं सगळं." अहो, टेम्पररी म्हणजे टेम्पररी, औषध घेऊन, खाणंपिणं सुधारून पुन्हा जायचं असतं. ती गेली आणि फिट होऊन आली. वडील त्या दिवशी मला म्हणाले की ५ लाख भरले असते तर हे दोन-तीन महिने आम्ही काय अवस्थेत काढले असते.

या सगळ्यात ती घरी बसून डीजीसीएच्या पेपरांचा अभ्यास करत होती. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी म्हणजे हवामान, रेग्युलेशन्स, टेक्निकल, प्रत्येकाला ७० टक्के लागतात. रेग्युलेशन्स आणि मेटिऑरॉलॉजी पहिल्या झटक्यात निघाले, नेव्हिगेशन थोडक्यात गेलं, मग दुसऱ्यांदा निघालं. हे पेपर उड्डाण सुरू करायच्या आधी काढावेत असं माझं ठाम मत आहे, कारण एक तर खर्च कमी, आणि दुसरं म्हणजे मुलाला हे खरंच आवडतंय की नुसता युनिफॉर्म आवडतोय ते तिथेच समजतं. पेपरना मुदत असते, तेवढं लक्षात ठेवून पुढची आखणी करायची.

मग रस्त्याचा प्रश्न. कॅडेट प्रोग्रामचा खर्च कोटीच्या घरात जातो, कधी वरही. फायदा असा की ट्रेनिंग एअरलाइनच्या पद्धतीनं होतं आणि पुढे टाइप रेटिंगही, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान चालवायची परवानगी, बहुतेकदा त्यातच येतं. पण मामा ज्याला पक्की नोकरी म्हणत होते त्या कागदात अटी होत्या, अमुक परीक्षा, अमुक वेळ, कंपनीची गरज. मी वडिलांना तो कागद मोठ्यानं वाचायला लावला. अमेरिकेत उड्डाणाचे तास भराभर होतात, हवा आणि विमानं दोन्हीची साथ असते, पण परत आल्यावर लायसन्स कन्व्हर्ट करायला इथले पेपर द्यावे लागतात, वर डॉलर आणि राहण्याचा खर्च. भारतात करायचं तर किमान २०० तास उड्डाण लागतं, रायबरेलीजवळ फुरसतगंजला इग्रुआ ही सरकारी उड्डाण अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं, आणि आपल्याकडे गोंदिया, बारामती, धुळे, जळगाव इथेही ट्रेनिंग चालतं. खर्च ढोबळमानानं ५० लाखांच्या आसपास धरा, कुठे कमी कुठे जास्त.

वडील बँकेतले, म्हणून मी हिशोब त्यांनाच करायला सांगितला. ५० लाख कर्ज, ११ टक्के व्याज, म्हणजे वर्षाला साडेपाच लाख, महिन्याला जवळजवळ ४६ हजार नुसतं व्याज. ट्रेनिंग एक वर्षाऐवजी दोन वर्षं लांबलं तर तेवढं आणखी वाढतं. त्यामुळे शाळा स्वस्त किती यापेक्षा तिथे तास किती वेगानं होतात हे जास्त महत्त्वाचं, आणि ते ब्रोशरमध्ये नसतं.

म्हणून बापलेक जोडीनं शाळा बघायला गेले, तेही कामाच्या दिवशी सकाळी. हँगरमध्ये किती विमानं आहेत ते मोजू नका, आज हवेत किती गेली ते मोजा असं सांगितलेलं. इन्स्ट्रक्टर किती, विद्यार्थी किती, पावसाळ्यात किती दिवस उड्डाण होतं, आणि आत शिकणाऱ्या पोरांना गेटबाहेर चहा पाजून विचारा की गेल्या महिन्यात किती तास मिळाले. एका ठिकाणी ऑफिसात सांगितलेले तास आणि पोरांनी सांगितलेले तास जुळेनात, ते ठिकाण तिथेच बाद. २०२५ पासून डीजीसीए या शाळांचं रँकिंगही जाहीर करतंय, ते बघाच, पण गेटबाहेरचा चहा सोडू नका.

शेवटी महाराष्ट्रातलीच एक शाळा ठरली, कारण त्यांनी फी टप्प्याटप्प्यानं, झालेल्या तासांप्रमाणे घ्यायला होकार दिला आणि सोडल्यास परतावा किती हे लेखी दिलं. सोबत तिनं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात पदवीला नाव घातलंय, आई त्यावर अडून बसली होती आणि मला आईचंच पटलं. उद्या मेडिकल पुन्हा अडलं किंवा भरती थंडावली तर हातात काहीतरी हवं.

आता निम्म्याच्या आसपास तास झालेत. शिक्षणकर्ज घेतलंय पण हप्त्याहप्त्यानं उचलतायत, ऊस अजून मोकळा आहे. लायसन्सनंतर एअरबस किंवा एटीआर विमानाचं टाइप रेटिंग लागेल, त्याचे आणखी १५-२० लाख. मामा म्हणतायत आत्ताच बुक करून टाकू, स्वस्त पडेल. मी नको म्हटलंय. कुठल्या एअरलाइनची भरती निघते आणि त्यांच्याकडे कुठलं विमान आहे ते कळल्याशिवाय त्यात एक रुपया घालायचा नाही असं सध्या ठरलंय.