डिसेंबरात तांड्यावर शिबिर घेऊ नका

दादा, तुमच्या मंडळाने वर्गणी काढलीय आणि डिसेंबरात बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यातल्या तांड्यांवर हृदयरोग तपासणी शिबिर घ्यायचंय, पैसा कशात घालावा असं विचारलंय. आधी तारीख बदला. डिसेंबरात तांड्यावर म्हातारी माणसं आणि लेकरंच भेटतील. ज्यांच्यासाठी हे करताय ते कोयते, म्हणजे ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडपी, दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) फेडायला सांगली-कोल्हापूरच्या, कर्नाटकच्या उसाच्या फडात गेलेले असतात. तपासणी टोळ्या हलायच्या आधी, पोळ्यानंतर करा. तीही सकाळी, माणसं रानात जायच्या आत.

दुसरं म्हणजे मंडप, हारतुरे आणि शहरातून आणलेला डॉक्टर यावर खर्च करू नका. शिबिरात बीपी सापडतं आणि तिथंच राहतं. आमच्या भागात एका मावशींनी लुगड्याच्या केळातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली होती. प्रत्येक गोळी अर्धी मोडलेली. अर्धी त्या घ्यायच्या, अर्धी मालक. दोघांचंही बीपी चढलेलंच होतं. गोळी उपकेंद्रात फुकट मिळते, पण तिथं जायचं म्हणजे एक रोज बुडतो. खरी अडचण ही आहे.

म्हणून पैसा असा लावा: दंडाला बांधायची दोन चांगली बीपी मशीन घ्या, मनगटाची नकोत. सोबत लहान पट्टा घ्याच. ऊस तोडणाऱ्या बायकांचे दंड बारीक असतात, मोठ्या पट्ट्यावर आकडा कमी येतो आणि आजार निसटतो. माणसाला पाच मिनिटं गप्प बसवा, मग मोजा. 140/90 किंवा वर आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. तीस वर्षांवरच्यांची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच, त्यामुळे आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टरना सोबत घेतल्याशिवाय सुरुवात करू नका. मोजायचं काम तांड्यातल्याच एखाद्या बाईला शिकवा. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायकांनाच शिकवून ‘भारतवैद्य’, म्हणजे गावच्या आरोग्यसेविका, म्हणून उभं केलं. गावची बाई दुसऱ्या दिवशीही गावातच असते, माझ्या मते हे फार मोलाचं आहे.

टोळी निघायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटा आणि जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या मागा. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड द्या. त्यावर आजार, गोळीचं नाव, शेवटचा आकडा लिहा. टोळी घेऊन जाणाऱ्या मुकादमाचा नंबर आशाताईंच्या वहीत असू द्या. ‘चक्कर येत नाही, मग गोळी कशाला’ हे वाक्य शंभरदा ऐकाल. शंभर वेळा समजवा, चिडू नका. मिसरी आणि तंबाखूबद्दल बोला, पण भाकरीसोबतचा ठेचा थेट बंद करायला सांगू नका. मीठ थोडं कमी करा एवढंच सांगा, ते ऐकतात.

छातीवर दाब, दरदरून घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं हा हृदयविकाराचा झटका असू शकतो, त्याला ‘गॅस’ म्हणून सोडा पाजत बसू नये, हे मुकादमाला नक्की सांगा. बायकांना कधी नुसती धाप लागते, मळमळतं. लगेच 108 लावायचा आणि ईसीजीची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितकं लवकर, तितकं हृदय वाचतं. फडातून फोन करताना नुसतं शेतकऱ्याचं नाव सांगून गाडी पोचत नाही. जवळचा फाटा, शाळा आणि साखर कारखान्याचं त्या भागातलं गट ऑफिस सांगावं लागतं. प्रत्येक नव्या फडावर उतरल्या दिवशीच हा पत्ता टोळीतल्या सगळ्यांना माहीत करून द्यायला मुकादमाला सांगा.