के-4 ची 30 मिमी तोफ आणि तिचे 65 गोळे

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वॉर थंडर या विमानयुद्धाच्या गेममध्ये बीएफ 109 जी-14 या जर्मन लढाऊ विमानावरच्या 20 मिमी तोफेने तुला बऱ्यापैकी शिकार मिळत होती. त्याच विमानाचा पुढचा प्रकार, के-4, घेतल्यापासून मशीनगनच्या ठिणग्या शत्रूच्या अंगावर उडताना दिसतात, पण 30 मिमीचे गोळे त्याच्या मागून नाहीतर पोटाखालून निघून जातात. तू मारतोस साधारण 400 मीटरवरून. मग परत जी-14 वर जावं का?

जाऊ नकोस. तुझा नेम वाईट नाही, अंतर चुकतंय. ही तोफ कशासाठी बनली हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

तिचं नाव एमके 108, राइनमेटाल-बोर्झिगची. 1943 मध्ये अमेरिकेची चार इंजिनांची बी-17 बॉम्बर विमानं दिवसाढवळ्या जर्मनीवर यायला लागली. असं एक विमान पाडायला 20 मिमीचे सरासरी 20 गोळे बसावे लागतात, असा जर्मनांचा हिशेब होता. बॉम्बरच्या मागच्या मशीनगनच्या माऱ्यात राहून 20 गोळे बसवणं फार थोड्या वैमानिकांना जमायचं. एमके 108 चे सरासरी 4 पुरेसे ठरले. कारण तिचा ‘मीनेनगेशोस’ हा गोळा 330 ग्रॅमचा, आणि त्यात सुमारे 85 ग्रॅम स्फोटकं. 20 मिमीच्या तशाच गोळ्यात ती 18 ग्रॅमच्या आसपास असतात. गोळ्याची भिंत मुद्दाम पातळ ठेवलेली. म्हणजे तो तुकड्यांनी मारत नाही. पत्रा भेदून आत शिरतो, मग फुटतो, आणि बंद जागेत कोंडलेला दाब पत्रा बाहेर फेकतो. म्हणूनच गेममध्ये एकाच गोळ्यात स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाची शेपटी तुटते तेव्हा ते उगाच वाढवून दाखवलेलं नसतं.

याची किंमत वेगात मोजावी लागली. तोफेचं वजन जेमतेम 60 किलो, बरेचसे भाग पत्र्यातून ठोकून काढलेले, बनवायला स्वस्त. तिच्यात बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा तुकडा, अडकवून ठेवणारी कडी नाही. जड बोल्ट पुढे येत असतानाच काडतूस पेटतं आणि मागचा धक्का आधी त्या पुढे येणाऱ्या बोल्टला थांबवण्यात खर्च होतो. ही पद्धत साधी आणि हलकी खरी, पण तिला फार ताकदीचं काडतूस आणि लांब नळी चालत नाही. म्हणून गोळा निघतो सेकंदाला सुमारे 540 मीटरने. जी-14 वरच्या एमजी 151/20 चा तसाच गोळा 800 च्या आसपास निघतो. जर्मनांकडे वेगवान 30 मिमी, म्हणजे एमके 103, होती. पण तिचं वजन 140 किलोच्या घरात. एवढं धूड 109 च्या नाकात कुठे मावणार?

आता तुझे 400 मीटर घे. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तरी गोळ्याला तिथे पोचायला पाऊण सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो पावणेतीन मीटर खाली येतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त. नाकावरच्या 13 मिमी मशीनगनची गोळी तेवढ्याच अंतरावर त्याच्या निम्मीच खाली येते. इथेच तू फसतोस. मशीनगन आणि तोफ दोन्ही एकाच बटणावर ठेवल्या आहेस, ना? ठिणग्या दिसल्या की वाटतं नेम बसला, मग तू तोच नेम धरून ट्रिगर दाबून ठेवतोस आणि तोफेचे गोळे त्याच्या पोटाखालून जात राहतात. दोन्हींना वेगळी बटणं दे. आजच दे.

आडव्या जाणाऱ्या विमानाचा हिशेब तर आणखी कठोर आहे. तोफ मिनिटाला 600 ते 650 गोळे सोडते, म्हणजे सेकंदाला दहा-अकरा. ताशी 500 किमीने तुझ्यासमोरून काटकोनात जाणारं मस्टँग हे अमेरिकन लढाऊ विमान दोन गोळ्यांच्या मधल्या वेळात जवळपास 13 मीटर पुढे सरकतं. त्याची लांबी आहे दहा मीटरहून थोडी कमी. म्हणजे नेम अगदी बरोबर असला तरी अख्खं विमान दोन गोळ्यांच्या मधून सुखरूप निघून जाऊ शकतं. त्यामुळे असा मारा मी सोडून देतो. वर उंची घ्यायची, पुन्हा फिरायचं, मागून यायचं. गोळे एकूण 65, म्हणजे सहा-साडेसहा सेकंदांचा ऐवज. तो अशा लॉटरीवर घालवायचा नसतो.

अंतर ओळखायला साइटचं, म्हणजे नेम धरायच्या काचेवरचं, वर्तुळ वापर. जर्मन रेव्ही साइटचं वर्तुळ 100 मीटरवर 10 मीटर झाकतं. मस्टँग किंवा स्पिटफायरच्या पंखांचा पसारा 11 मीटरच्या थोडा वर. पंख वर्तुळाला टोकाटोकांनी भिडले की तू 110-115 मीटरवर आहेस. पंखांनी निम्मंच वर्तुळ भरलं असेल तर अंतर सव्वादोनशे. निम्म्यापेक्षा कमी भरलं असेल तर तोफेच्या बटणावर बोटच ठेवू नकोस. बी-17 बाबत उलटा धोका आहे. तिचा पसारा साडेएकतीस मीटर, त्यामुळे ती 300 मीटरवरच वर्तुळ भरून टाकते आणि आपण अगदी जवळ आलो असं वाटतं. नवीन पोरं इथेच गोळे संपवतात.

सेटिंगमध्ये निशाण्याचं अंतर 200 ते 250 मीटर ठेव आणि उभा निशाणा (व्हर्टिकल टार्गेटिंग, म्हणजे गोळा खाली पडतो त्याची भरपाई) चालू कर. तोफ इंजिनाच्या मागे बसलेली असते आणि प्रोपेलरच्या पोकळ दांड्यातून मारते, त्यामुळे पंखातल्या तोफांसारखा डाव्या-उजव्याचा प्रश्न येत नाही. फक्त खाली पडण्याचं बघायचं.

परवाचंच सांगतो. एका थंडरबोल्ट या अमेरिकन लढाऊ विमानाच्या मागे मी मिनिटभर होतो. तो उजवीकडे वळला, मी वळलो नाही, थोडा वर गेलो आणि त्याचं वळण संपायची वाट पाहिली. तो सरळ झाला. पंख वर्तुळाच्या बाहेर गेले होते, शेपटीवरचा आकडा वाचता येत होता. आधी मशीनगनची छोटीशी फैर झाडली, ठिणग्या कॉकपिटच्या मागे दिसल्या. मग तोफ, टिचकी मारावी तेवढीच. चार-पाच गोळे गेले असतील, दोन लागले. डावा पंख मुळापासून उडाला आणि मला त्याचे तुकडे चुकवायला जोरात डावीकडे खेचावं लागलं. घरी उतरलो तेव्हा निम्म्याहून जास्त गोळे शिल्लक होते.

बॉम्बर विमानांच्या मागे सरळ शेपटीला लागून बसू नकोस. फॉके-वुल्फ 190 या जर्मन लढाऊ विमानांच्या ‘श्टुर्म’ (हल्ला) तुकड्या तसं करायच्या, पण त्यांच्या विमानांना जास्तीचं चिलखत होतं आणि त्या रांगेने एकत्र यायच्या. 7 जुलै 1944 ला ऑशर्सलेबेनजवळ त्यांनी अमेरिकेच्या बी-24 बॉम्बर विमानांची दाणादाण उडवली ती अशीच. तू एकटा, के-4 पातळ. वरून समोरून ये, पंखाच्या मुळावर मार आणि खालून निघून जा. पुढे ‘मी 262’ हे जर्मन जेट विमान घेशील तेव्हा अशाच चार तोफा नाकात मिळतील, एकूण 360 गोळे, पण वेग इतका की मारायला दोन-तीन सेकंदच हातात येतात. तोवर के-4 वर हात बसव.

उद्या टेस्ट फ्लाइटमध्ये मशीनगन बंद ठेवून फक्त तोफेने उडव, आणि पंखांनी निम्मं वर्तुळ भरल्याशिवाय मारू नकोस. चार-पाच फेऱ्यांनंतरही गोळे मागूनच जात असतील तर एक रिप्ले जपून ठेव, आपण बसून बघू.