वाचकांचे प्रश्न : राखीव टॅग असूनही वाचन का अडतं?

प्रश्न : देवगडला आमचं आंबा खरेदी-विक्रीचं कार्यालय आहे. लिनक्स सर्व्हरवर एकच साटा एसएसडी आहे. हंगामात दुपारी त्याच डिस्कवर बॅकअप सुरू झाला, की बागायतदाराचं खातं उघडायला बराच वेळ लागतो. डिस्ककडे जाणाऱ्या विनंत्यांचा क्रम लावणारा ‘एमक्यू-डेडलाइन’ शेड्युलर वाचनासाठी पाव टॅग (विनंतीला मिळणारी टोकनं) राखून ठेवतो ना? मग असं का?

उत्तर : पाव टॅग राखायचं कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१४ मध्ये (२०२१) ठरलं खरं, पण हिशेब फसला होता. डिस्ककडे निघालेल्या प्रत्येक विनंतीला आधी शेड्युलरचा टॅग लागतो. टॅग संपले की ती ताटकळते. एका वेळी ३२ विनंत्या झेलणाऱ्या साटा डिस्कसाठी सहसा ६४ टॅग असतात. लेखनाला ४८ आणि वाचनाला १६, असा बेत होता. मात्र हे टॅग १६-१६ च्या चार गटांत असतात आणि मर्यादा प्रत्येक गटाला वेगळी लागते. १६ च्या गटाला ४८ ची मर्यादा घालून काय अडणार? बॅकअप सगळेच ६४ बळकावतो.

६.११ मध्ये (२०२४) हे सुधारलं : आता ४८ ची मर्यादा दिली की प्रत्येक गटात लेखनाला १२ च मिळतात. पण काही यंत्रणांवर सलग लेखन मंदावत असल्यामुळे मूळचं आरक्षणही तेव्हाच काढलं. ते आता तुम्हालाच मागावं लागेल.

कर्नल ६.११ किंवा त्यापुढचं घ्या. ‘सिस’ या सेटिंग्जच्या फोल्डरखाली त्या डिस्कच्या ‘क्यू’ फोल्डरमध्ये आधी शेड्युलर, मग ‘एनआर-रिक्वेस्ट्स’ (एकूण टॅग, इथं ६४) ठरवा आणि शेवटी ‘असिंक-डेप्थ’मध्ये (लेखनाची मर्यादा; काही आवृत्त्यांत ती ‘आयओशेड’ उपफोल्डरमध्ये असते) ४८ लिहा. क्रम पाळाच, कारण ‘एनआर-रिक्वेस्ट्स’ बदलली की ‘असिंक-डेप्थ’ही बदलते आणि बऱ्याच आवृत्त्यांत राखीव काहीच उरत नाही. रीबूटनंतरही मूल्यं जातात, म्हणून ती दर वेळी आपोआप लावणारा युडेव्हचा नियम लिहून ठेवा. डिस्कचा वेग मोजणाऱ्या ‘आयओस्टॅट’मध्ये वाचनाचा प्रतीक्षाकाळ आधी आणि नंतर पाहा.

तरीही खातं अडलं, तर विनंत्या डिस्कच्या आतल्या रांगेत तुंबल्या असू शकतात. त्या रांगेची लांबी, म्हणजे ‘क्यू-डेप्थ’, ३२ वरून ८ करून बघा. नुसते टॅग वाढवू नका, त्यानं बॅकअपलाच जास्त जागा मिळते.

बिल ‘सेव्ह’ करताना अडत असेल, तर मात्र या आरक्षणाचा उपयोग नाही. एमक्यू-डेडलाइन फक्त सिंक वाचनाला (प्रोग्राम ज्यासाठी थांबून राहतो अशा) सूट देतो. एफसिंकनं (डेटा लगेच डिस्कवर उतरवायच्या आदेशानं) होणारं लेखन मर्यादेतच राहतं. जुन्या कर्नलांत ‘कायबर’ हा दुसरा शेड्युलर सिंक लेखनालाही सूट द्यायचा. पण आमच्या मते बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेणंच उत्तम : एकुलती एक डिस्क गेली, तर खाती आणि बॅकअप दोन्ही जातील.