कानाच्या मशीनचा वॅक्स फिल्टर (कानातला मळ अडवणारी टोकाची छोटी जाळी) कधी बदलायचा?

तारखेवर जाऊ नका, आवाजावर जा. एका कानाचा आवाज दबका येऊ लागला किंवा बंदच झाला, तर आधी बॅटरी किंवा चार्जिंग बघा. ते ठीक असेल तर रबरी टोपी काढून उजेडात टोक पाहा. पांढऱ्या जाळीवर पिवळट-तपकिरी थर दिसला की फिल्टर बदला. सुईने टोकरू नका, मळ आत रिसिव्हरवर (मशीनच्या छोट्या स्पीकरवर) जातो. फिल्टरसोबत मिळणाऱ्या काडीच्या रिकाम्या टोकाने जुना ओढून काढायचा, दुसऱ्या टोकाने नवा दाबून बसवायचा. साधारण महिनाभर टिकतो. मळ जास्त असेल तर त्याआधीच बदलावा लागतो. नव्यानेही फरक पडला नाही तर कानातच मळ साचलाय का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणि हो, कंपनी आणि मॉडेलनुसार फिल्टर वेगळा असू शकतो, मेडिकलवाल्याने दिला म्हणून कुठलाही बसवू नका.